छायाचित्रणाचा श्रीगणेशा : कॅमेरा, लेन्स आणि आपली माणसे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मालवण येथे दिलेले व्याख्यान)



 विषयाची निवड चिटणिसांची आहे. परीक्षांचे निकाल लागले की घरोघरी मुले-मुली कॅमेऱ्याचा हट्ट धरतात. वडीलमाणसांस त्यातले फारसे कळत नाही, दुकानदार दाखवील तो कॅमेरा घरी येतो आणि वर्षाच्या आत कपाटात धूळ खात पडतो. तेव्हा डीएसएलआर कॅमेऱ्यावर हात कसा बसवावा आणि त्यास लेन्स कोणती घ्यावी, हे सोप्या भाषेत सांगावे, अशी त्यांनी आज्ञा केली.

हा विषय निव्वळ हौसेचा आहे, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. म्हणून आरंभीच एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. आपल्या वार्षिक अंकात दिवंगत ज्ञातिबांधवांना श्रद्धांजली वाहण्यासाठी काही पाने राखून ठेवलेली असतात. ती पाने आज घरी गेल्यावर अवश्य उघडून पाहावी. ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे दर्यावर काढली, ज्या माउलींनी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मुलांची शिक्षणे केली, त्यांची छायाचित्रे कोठून आलेली असतात? कोणाचे आधारकार्डावरून, कोणाचे मतदाराच्या ओळखपत्रावरून, तर कोणाचे लग्नाच्या घोळक्यातून कापून काढलेले, आणि त्यात शेजाऱ्याचा अर्धा खांदाही आलेला! एकेका घरात तीन-तीन फोन असतात, परंतु आजीचे एक धड छायाचित्र नसते. आमचे आजचे बोलणे कॅमेऱ्याविषयी असले, तरी ते त्या पानांसाठी आहे, हे ध्यानात असू द्यावे.

छायाचित्रणाची विद्या १८३९ साली युरोपात प्रसिद्ध झाली आणि थोड्याच वर्षांत हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईस १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. हे घराणे पेडणे महालातील मांद्र्याचे, म्हणजे आपल्या तेरेखोलच्या खाडीपलीकडचे. नारायण दाजींनी वैद्यक व्यवसायाबरोबर छायाचित्रणातही नाव मिळविले. आपल्या मुलखाचा या विद्येशी संबंध असा पहिल्या पिढीपासूनचा आहे.

परंतु त्याच काळातील दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली काढले. त्यांत माणसे एके ठिकाणी टिपलेली असून मागचा देखावा दुसऱ्या चित्रातून आणून जोडलेला आहे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा संग्रह सरकारी पुढाकाराने प्रसिद्ध झाला. या ग्रंथांतील बहुतेक चित्रांखाली जातीचे अथवा जमातीचे नाव आढळते. चित्रातला माणूस कोण, त्याचे नाव काय, गाव कोणते, हे क्वचितच कळते. पक्ष्याचा किंवा झाडाचा नमुना नोंदवावा, तशी माणसे नोंदविली गेली. आज दीडशे वर्षे उलटली. दांडीच्या अथवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर पहाटे रापण ओढली जात असता पाहुणे मंडळी लांबून मोठमोठ्या लेन्सा रोखतात आणि चित्राखाली ‘मच्छीमार, मालवण’ एवढे लिहून निघून जातात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण ज्याचे नाव आपणच लिहून ठेवले नाही, ते परक्याने लिहावे अशी अपेक्षा कशी धरावी? ते काम आपल्या मुलांचे आहे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. डीएसएलआर म्हणजे डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स. लेन्समधून आलेला प्रकाश आत तिरक्या बसविलेल्या आरशावर पडतो आणि तेथून वर वळून आपण डोळा लावतो त्या खिडकीत येतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, मागची झडप, म्हणजे शटर, क्षणमात्र उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. जी लेन्स चित्र घेते तिच्यातूनच आपण पाहत असतो, हा या यंत्राचा मोठा गुण. कोडॅक कंपनीने १९९१ साली या जातीचा पहिला कॅमेरा बाजारात आणला, आणि २००३ साली कॅननने एक हजार डॉलरांच्या आत मिळणारा कॅमेरा काढल्यावर तो सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आला.

अलीकडे आरसा काढून टाकलेले, म्हणजे मिररलेस कॅमेरे आले आहेत. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ साली आपापले मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे आणले आणि तेव्हापासून त्यांचे लक्ष तिकडेच आहे. तर मग आता डीएसएलआर घ्यावा की नाही? आमचे उत्तर असे की, पैशाची अडचण नसेल त्याने मिररलेस अवश्य घ्यावा. पण ज्या घरी फी भरताना विचार करावा लागतो, त्या घरातील मुलासाठी वापरलेला डीएसएलआर ही उत्तम पाठशाळा आहे. लोक नव्याकडे वळल्यामुळे चांगले जुने कॅमेरे कमी दरात मिळतात. त्यांच्या बहुतेक लेन्सा जोडकडी लावून त्याच कंपनीच्या मिररलेस कॅमेऱ्यावरही चालतात. म्हणजे लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही.

जुना कॅमेरा घेताना चार परीक्षा कराव्या. पहिली, शटर आजवर किती वेळा उघडले तो आकडा विचारावा. साध्या कॅमेऱ्याचे शटर साधारण एक लाख चित्रांच्या हिशेबाने बनविलेले असते. दुसरी, लेन्स उजेडाकडे धरून मागून विजेरीचा झोत टाकावा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी आणि ती लेन्स घेऊ नये. तिसरी, लेन्सचे छिद्र लहान करून निरभ्र आकाशाचे चित्र घ्यावे. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. चौथी, लेन्स कॅमेऱ्यावर बसवून हलवून पाहावी; ती खिळखिळी असता कामा नये.

यंत्र हाती आले की तीन गोष्टी शिकाव्या. लेन्सचे छिद्र किती मोठे, शटर किती वेळ उघडे, आणि सेन्सर प्रकाशास किती संवेदनशील, ज्याला आयएसओ म्हणतात. खिडकी किती उघडली आणि किती वेळ उघडी ठेवली, यावर खोलीत आलेला प्रकाश अवलंबून असतो, तसेच हे आहे. छिद्राचे आकडे मात्र नवशिक्यास गोंधळात पाडतात. आकडा लहान तर छिद्र मोठे, एफ १.८ चे छिद्र एफ ५.६ पेक्षा पुष्कळ मोठे असते. भर उन्हाचा एक जुना ठोकताळा पाठ करावा : आयएसओ १००, छिद्र एफ १६, शटर सेकंदाचा शंभरावा भाग. तेथून सावलीत येताना एकेक पायरी बदलत जावे. पहिले काही महिने चकतीवरील ‘ए’ किंवा ‘एव्ही’ खुणेवर काम करावे. त्यात छिद्र आपण ठरवितो आणि शटरची गती कॅमेरा ठरवितो.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक प्रामाणिक असला तरी भोळा असतो. समोरचे सर्व काही मध्यम करड्या रंगाचे आहे, असे तो धरून चालतो. त्यामुळे दुपारच्या पांढऱ्या वाळूवर चित्र घेतले तर वाळू मळकट येते. तेथे प्रकाशाची पट्टी एक अंश अधिक करावी. याच्या उलट दशावतारातील काळ्या वेशाचा संकासुर जवळून टिपला, तर मापक त्याला राखेसारखा करून टाकतो. तेथे एक अंश कमी करावा. ही दोन उदाहरणे ज्याला उमगली, त्याला पुस्तकातले अर्धे प्रकरण आले.

आता आजच्या विषयाचा गाभा, म्हणजे लेन्सची निवड. लेन्सवर दोन आकडे लिहिलेले असतात. एक मिलिमीटरचा, त्यावरून किती रुंद दृश्य सामावेल ते कळते. दुसरा एफचा, त्यावरून जास्तीत जास्त किती प्रकाश आत घेता येईल ते कळते. साध्या डीएसएलआरच्या सेन्सरवर १८ मिलिमीटरची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ७६ अंशांचे दृश्य घेते, ३५ ची सुमारे ४४ अंशांचे, ५० ची ३१ अंशांचे आणि २०० ची अवघ्या ८ अंशांचे.

कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८ ते ५५ ची लेन्स येते. तिला नावे ठेवण्याची पद्धत पडली आहे, पण सहा महिने तिच्यावरच काम करावे, असा आमचा आग्रह आहे. प्रत्येक चित्राबरोबर ते किती मिलिमीटरवर घेतले याची नोंद कॅमेरा आपोआप ठेवतो. सहा महिन्यांनी आपल्याला आवडलेली शंभर चित्रे काढून त्या नोंदी पाहाव्या. बहुतेक चित्रे १८ च्या आसपास असतील तर आपला ओढा रुंद दृश्याकडे आहे. ५५ पाशी येऊन अडलेली असतील तर लांबच्या लेन्सची गरज आहे. मध्येच ३५ च्या आजूबाजूस असतील तर उत्तर आपल्या हातात आहे. शेजाऱ्याने कोणती घेतली यापेक्षा ही नोंदवही खरी सल्लागार होय.

तरीही पहिली लेन्स कोणती विकत घ्यावी असे कोणी निश्चित विचारले, तर आम्ही ३५ किंवा ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स सांगू. ती लहान, हलकी आणि त्या मानाने स्वस्त असते. तिच्यात दृश्य मागेपुढे होत नाही; पुढे-मागे व्हायचे ते आपल्या पायांनी. तिचा खरा गुण जत्रेच्या रात्री कळतो. साध्या लेन्सचे छिद्र ५५ वर एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश घेते. ज्या दिव्यात साध्या लेन्सने सेकंदाचा पंधरावा भाग शटर उघडे ठेवावे लागते आणि नाचणारा राजा धुरकट येतो, त्याच दिव्यात हिने दीडशेव्या भागाच्या सुमारास काम होते आणि तलवारीची मूठसुद्धा स्पष्ट उमटते. फ्लॅश मारून नटाचे डोळे दिपविण्याचे पाप मग करावे लागत नाही. निकॉनच्या छोट्या कॅमेऱ्यांत, म्हणजे ३००० आणि ५००० च्या मालिकांत, लेन्स फिरविणारी मोटर नसते. म्हणून त्यांस स्वतःची मोटर असलेली, ‘एएफ-एस’ अक्षरांची लेन्स पाहून घ्यावी. कॅननच्या डीएसएलआरवर त्या कंपनीच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्सा चालतात, तेव्हा जुन्या बाजारात तेथे निवड अधिक आहे.

३५ आणि ५० यांत कोणती? पडवीत, माजघरात, चुलीपाशी माणूस काम करीत असताना त्याच्या परिसरासह टिपायचे असेल तर ३५. नुसता चेहरा हवा असेल तर ५०. रुंद लेन्स घेऊन चेहऱ्याच्या फार जवळ गेले, तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात. वडीलमाणसांचे असे चित्र काढून त्यांस हसू आणू नये.

लांबची लेन्स, ५५ ते २५० किंवा ७० ते ३०० ची, समुद्रपक्ष्यांसाठी व दूरच्या होड्यांसाठी उपयोगी आहे. तिच्यात हाताचा कंप मोठा दिसतो. कंप रोखण्याची सोय लेन्समध्ये नसेल तर २०० मिलिमीटरवर शटर निदान तीनशेव्या भागाहून वेगवान ठेवावे. अतिरुंद लेन्स, १० ते १८ ची, जुन्या घरांच्या आतील भागासाठी व देवळांच्या सभामंडपांसाठी घ्यावी. या दोन्ही मागाहून घेण्याच्या वस्तू होत.

येथे आम्हांस मुख्य मुद्दा सांगावयाचा आहे. लेन्स निवडताना आपण माणसापासून किती अंतरावर उभे राहणार, हेच ठरवीत असतो. तीनशेची लेन्स घेऊन सुरूच्या आडून रापणीचे चित्र काढता येते. त्या माणसांस त्याचा पत्ताही लागत नाही. पस्तीसची लेन्स घेतली तर दोराजवळ जावेच लागते. जवळ गेले की तांडेलास रामराम घालावा लागतो, चित्र काढू का असे विचारावे लागते, आणि कोणी सांगावे, चार हात दोरही ओढावा लागतो! मग दोर ओढणाऱ्यांची नावे आपोआप कळतात. कोण कोणाचा, कोणत्या वाडीचा, किती वर्षे रापणीवर आहे, हेही कळते. होडी अर्धवर्तुळात जाळे टाकीत कशी फिरते, दोन्ही टोके किनाऱ्यावर कशी येतात आणि शेवटी मासळीचे वाटे कसे पडतात, हे सारे अशा चित्रमालिकेत साठविता येईल. यांत्रिक मासेमारीपुढे रापणी मागे पडत चालल्या आहेत आणि दोरावरचे बरेच हात आता म्हातारे झाले आहेत. म्हणून ही लेन्स उद्यावर टाकण्यासारखी नाही.

आपल्या किनाऱ्यास समुद्र पश्चिमेला आहे, हेही छायाचित्रकाराने विसरू नये. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग पाहावा तर सकाळी. तेव्हा ऊन आपल्या पाठीशी असते आणि १६६४ साली ज्याच्या बांधकामास आरंभ झाला, त्या तटाचा दगड न् दगड उजळतो. सायंकाळी तोच किल्ला नुसती काळी आकृती होतो. माणसांसाठी मात्र सायंकाळ चांगली. त्यांचे तोंड समुद्राकडे आणि आपली पाठ समुद्राकडे असावी. सूर्यास्तापूर्वीच्या तासात चेहऱ्यावर जो प्रकाश पडतो तो कोणत्याही स्टुडिओत विकत मिळत नाही. भर दुपारी डोळ्यांखाली काळोख येतो, म्हणून माणसाला पडवीच्या कडेला बसवावे.

आपल्या हवेत यंत्र टिकविणे हीही एक विद्या आहे. खारा वारा आणि पावसाळ्यातील ओल हे लेन्सचे शत्रू. वाळूत, वाऱ्यात लेन्स बदलू नये. घरून निघताना एक ठरवून लावावी. परत आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेऱ्याचे अंग पुसावे, मग कोरड्याने. लेन्सच्या काचेस मात्र हे फडके लावू नये, तिच्यासाठी फुंकणी आणि मऊ कापड निराळे ठेवावे. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवावा आणि आत ओलावा दाखविणारे छोटे घड्याळ ठेवावे. काटा ४० ते ५० टक्क्यांत असला म्हणजे निश्चिंत असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरावा. वापरातली वस्तू सहसा बिघडत नाही.

शेवटी मंडळापुढे आणि तरुणांपुढे एक सूचना ठेवतो. ज्यांच्या हाती कॅमेरा आहे अशा प्रत्येक मुला-मुलीने या वर्षात आपल्या वाडीतील पंचाहत्तरी ओलांडलेल्या सर्व वडीलमाणसांचे एकेक चांगले छायाचित्र त्यांच्या घरी जाऊन, त्यांची अनुमती घेऊन काढावे. त्याच भेटीत भिंतीवरील जुनी चित्रेही उतरवून घ्यावी. त्यासाठी ५० ची लेन्स, छिद्र एफ ८, खिडकीचा सौम्य उजेड आणि चित्राशी समांतर धरलेला कॅमेरा एवढे पुरे. काचेत प्रतिबिंब पडत असेल तर चौकट थोडी वळवावी. त्या चित्रांतील माणसांची नावे त्याच वेळी म्हाताऱ्यांकडून विचारून लिहावी, कारण ती सांगणारे पुढच्या वर्षी असतीलच असे नाही. प्रत्येक चित्रास संपूर्ण नाव, वाडी, गाव, व्यवसाय आणि दिनांक जोडावा. एक प्रत गावी ठेवावी, दुसरी मुंबईकर नातलगांकडे, आणि एक कागदावर छापून त्या वडीलमाणसांच्याच हाती द्यावी. ही शेवटची प्रत आम्ही सर्वांत मोलाची मानतो.

श्रद्धांजलीचे पान कोणाच्याही चुकत नाही. परंतु त्या पानावर ज्याचे चित्र छापले जाईल, त्याने ते आपल्या हयातीत पाहिलेले असावे, ‘होय, हा मीच’ असे त्यास वाटलेले असावे आणि त्याखाली त्याचे नाव शुद्ध लिहिलेले असावे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे. त्यासाठी फार महाग यंत्र लागत नाही. एक जुना कॅमेरा, एक लहान लेन्स आणि जवळ जाऊन नाव विचारण्याची रीत एवढ्याने भागते.